फॅटला दर, हाताला काय?

कोल्हापुरात पाहुणा आला की अंबाबाईचं दर्शन, तांबडा-पांढरा रस्सा आणि मिसळ यांच्या जोडीनं आणखी एक गोष्ट दाखवायची पद्धत आहे. संध्याकाळी त्याला गंगावेशीत न्यायचं. रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या असतात, गवळी उकिडवा बसून चरवीत धार काढत असतो आणि फेस खाली बसायच्या आत दूध ग्लासात ओतून समोरच्याच्या हातात येतं. ना तापवलेलं, ना गार केलेलं. तालमीतली पोरं पितात, परीक्षेच्या दिवसांतली पोरं पितात, दवाखान्यातून घरी निघालेल्या म्हाताऱ्याला त्याचा मुलगा पाजतो. पुण्या-मुंबईचा पाहुणा मात्र ग्लास धरून जरा वेळ नुसता बघत राहतो.

या कट्ट्यावर आमचा एक गट आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी जमतो. एकजण जनावरांचे डॉक्टर, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. एक हायस्कूलचे मास्तर, तेही निवृत्त. एक भोगावती खोऱ्यातल्या गावच्या दूध संस्थेचा सचिव. त्याच गावचे आण्णा, ज्यांच्या गोठ्यात पाच म्हशी आहेत आणि जे 'आमच्या म्हशी' म्हणतात तेव्हा सचिव हळूच 'वहिनींच्या' अशी दुरुस्ती करतो. विषय ठरलेला नसतो. कुठल्या मिसळीचा कट बिघडला, ऊस कधी तुटणार, कुणाच्या पोराला पुण्यात भाड्यानं खोली मिळेना. पण शेवटी गाडी दुधावर येते, कारण समोर म्हैस उभी असते.

"तापवून पी की लेका," डॉक्टर दर वेळी म्हणतात.

"तापवूनच प्यायचं तर गंगावेशीत कशाला यायचं? घरात गॅस न्हाई व्हय?" मास्तर दर वेळी उत्तर देतात आणि ग्लास रिकामा करतात.

कट्ट्यावरची म्हैस बहुतेक पंढरपुरी. सोलापूर, सांगली, कोल्हापूर हा तिचा मुलूख. अंगानं मध्यम, काटक, शिंगं लांबलचक मागे वळून खांद्यांच्याही पलीकडे गेलेली. मुऱ्हा म्हैस दूध जास्त देते, पण पंढरपुरीचा एक गुण गवळ्यांच्या फार कामाचा आहे. सकाळ-संध्याकाळ दोनदाच धार द्यायची असा हट्ट ती धरत नाही. गिऱ्हाईक येईल तसं थोडं थोडं दूध देते. म्हणून तर पूर्वापार कोल्हापूरचे गवळी म्हशी दारोदार नेत आणि गिऱ्हाइकाच्या उंबऱ्यापुढे धार काढून देत. दुधात पाणी घातलं नाही, याला यापेक्षा मोठा पुरावा काय हवा? शहर वाढलं, गल्ल्यांत मोटारसायकली शिरल्या, दारोदार फिरणं कमी झालं. कट्टा मात्र उरला.

मुंबईत उलटं झालं. तिथं शहरातले तबेले उपनगरात हलवायचे म्हणून १९४९ साली आरे कॉलनी उभी राहिली. दारा खुरोडी यांच्या या योजनेतून मुंबईकराच्या हाती पाश्चराइझ केलेल्या दुधाची बाटली आली आणि म्हैस नजरेआड गेली. खुरोडींना १९६३ साली वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि तो रास्तच होता. त्याच १९६३ साली कोल्हापुरात जिल्हा दूध संघ, म्हणजे आजचा 'गोकुळ', स्थापन झाला. आज करवीर-राधानगरीकडच्या म्हशींचं दूध पिशवीतून मुंबईला जातं आणि कोल्हापूरकर गंगावेशीत उभा राहून निरसं दूध पितो.

डॉक्टरांचा आक्षेप निरशा दुधाला आहे. एकदा त्यांनी माल्टाची गोष्ट सांगितली. भूमध्य समुद्रातलं हे बेट तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होतं आणि तिथल्या शिपायांना एक विचित्र ताप यायचा. संध्याकाळी चढायचा, रात्री घाम फुटून उतरायचा, सांधे धरायचे, महिनोन् महिने माणूस खंगायचा. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरनं १८८७ साली त्याचा जंतू शोधला. पण तो शिपायांच्या अंगात येतो कुठून, हे कळायला १९०५ साल उजाडलं. थेमिस्टोक्लीस झामिट या माल्टाच्याच डॉक्टरनं शेळ्यांचं रक्त तपासलं. शेळ्या धडधाकट दिसत होत्या, पण जंतू त्यांच्यातच होता आणि दुधातून येत होता. पुढच्या वर्षी शिपायांच्या शिध्यातून शेळीचं दूध बंद केलं आणि आजार झपाट्यानं खाली आला.

"आणि माल्टात दूध विकायची पद्धत काय होती, ठाऊक आहे?" डॉक्टर म्हणाले. "शेळ्या गल्लोगल्ली फिरवायच्या. दारात धार काढून द्यायची."

यावर कोणी काही बोललं नाही. धार काढणारा गवळी मात्र हात न थांबवता म्हणाला, "डॉक्टर, माझा बाबा ह्याच कट्ट्यावर बसायचा. आजवर कुणाला काय झालं?"

"कुणाला काय झालं ते तुला सांगायला कोण येणार? ताप आला की माणूस दवाखान्यात जातो, गंगावेशीत न्हाई."

या रोगाला ब्रुसेलोसिस म्हणतात. म्हशीला झाला की सहाव्या-सातव्या महिन्यानंतर गाभ पडतो, वार अडकते. माणसाला झाला तर टायफॉइड समजून, मलेरिया समजून उपचार होत राहतात, आणि खरं निदान झालं की दोन औषधं मिळून सहा आठवडे घ्यावी लागतात. उपाय सोपा आहे. चार ते आठ महिन्यांच्या मादी रेडकांना आणि कालवडींना आयुष्यात एकदा लस टोचायची. २०१९ साली केंद्र सरकारनं लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस यांच्यासाठी देशभर मोहीम काढली, तेव्हापासून ही लस फुकट मिळते आणि कानात बारा आकडी बिल्ला बसतो. पण त्या चार महिन्यांत जनावर डॉक्टरसमोर यायला हवं.

गवळ्यानं विचारलं, "मग दूध तापवलं की मरतं न्हवं ते?"

मरतं. डेअरीत ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवतात तेवढंही पुरतं. घरात दूध उतू जाईपर्यंत तापवतात, मग तर प्रश्नच नाही. क्षयाचे जंतूही मरतात. आपल्या आज्यांनी पाश्चरचं नाव न ऐकता घरोघर दूध तापवलं आणि साय धरली, त्यातून किती आजार टळले असतील याची मोजदाद कुणी केलेली नाही. कट्ट्याच्या बाजूनंही एक गोष्ट सांगायला हवी. कासेतून नुकत्याच निघालेल्या दुधात जंतूंची वाढ काही काळ रोखणारे घटक निसर्गानंच घातलेले असतात, त्यामुळे चरवीतून थेट ग्लासात आलेल्या दुधाला बाहेरची घाण लागून ते बिघडायला अवधीच नसतो. मास्तर हे ऐकून खूश झाले. डॉक्टरांनी त्यांना फार वेळ खूश राहू दिलं नाही: "बाहेरची घाण, मास्तर. आतून आलेल्या जंतूचं काय?"

खरं तर दुधाबद्दल आपली सगळी भीती एकाच शब्दात मावते: भेसळ. कट्ट्यावरही दर दोन वाक्यांनी कुणीतरी युरिया, साबण, पावडर ही नावं घेतो. मोबाइलवर चित्रफिती फिरतात. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणानं २०१८ साली देशातल्या अकराशेहून जास्त शहरांतून दुधाचे ६,४३२ नमुने गोळा केले आणि २०१९ साली निकाल जाहीर केला. खरीखुरी, जिवाला धोका होईल अशी भेसळ किती नमुन्यांत सापडली? बारा. मला हा आकडा प्रथम वाचताना छापायची चूक वाटली होती. पण त्याच अहवालात ३६८ नमुन्यांत ॲफ्लाटॉक्सिन एम-वन मर्यादेबाहेर होतं आणि ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश मर्यादेबाहेर होते. ॲफ्लाटॉक्सिन म्हणजे बुरशीचं विष. बुरशी लागलेली पेंड, भिजलेला कडबा, नीट न दाबलेला मुरघास म्हशीनं खाल्ला की ते दुधात उतरतं. दूध कितीही तापवा, ते जात नाही. प्रतिजैविकांचंही तेच.

म्हणजे लबाडीपेक्षा ओल्या वैरणीचा आणि घाईत टोचलेल्या इंजेक्शनचा त्रास जास्त. हे कुणी चित्रफितीत दाखवत नाही, कारण यात खलनायक नाही. पावसाळ्यात शेडला गळती आहे, पेंडीचं पोतं भिंतीला टेकून ठेवलंय, एवढीच गोष्ट आहे.

म्हणून आण्णांच्या गोठ्यावर जायचं ठरलं. पहाटे पोचलो तेव्हा आण्णा झोपेतून उठून चूळ भरत होते आणि वहिनींचं निम्मं काम झालं होतं. शेण ओढून पाटीत भरलेलं, मूत खराट्यानं मोरीकडे लोटलेलं, उसाचं वाडं टाकलेलं. शेण उकिरड्यावर जातं, काही शेणी थापायला. होळीच्या सुमारास यातल्या शेणी कोल्हापूरच्या पंचगंगा स्मशानभूमीला दान जातात. महापालिका तिथं मोफत अंत्यसंस्कार करते आणि लोक शेणींनी हातभार लावतात. ही आमच्या गावची एक मला फार आवडणारी गोष्ट, असो.

"आधी झाडून घेतो, मग अर्धा तास थांबतो," वहिनी म्हणाल्या. "झाडल्या झाडल्या धारंला बसलो तर सगळी धूळ चरवीत."

हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पुढचं डॉक्टरांनी शिकवलं, आणि त्यातलं काही त्यांनी मान्य केलं, काही नाही. म्हशीच्या मागच्या बाजूला पाणी मारून शेण काढायचं, पण कास भिजवून तशी सोडायची नाही. कोमट पाण्यानं धुवायची आणि कोरडी पुसायची. ओल्या कासेवरून ओघळणारं पाणी सडाच्या टोकाला येतं आणि थेट चरवीत पडतं. पुसायचं फडकं प्रत्येक म्हशीला वेगळं. पूर्वी एकच फडकं पाचही म्हशींना फिरायचं. एका म्हशीचा कासदाह दुसरीला पोचवायचा याहून सोपा रस्ता नाही. आता दोरीवर पाच फडकी वाळत असतात, प्रत्येकाच्या कोपऱ्याला वेगळ्या रंगाचा दोरा.

रेडकू सोडलं. त्यानं दोन ढुशा दिल्या, म्हशीनं पान्हा सोडला, रेडकू ओढून बाजूला बांधलं. पान्हा सुटला की सात-आठ मिनिटांत धार आटपायला हवी, नंतर उरलेलं दूध म्हैस वर ओढून धरते. काही गोठ्यांत रेडकू मेलं की पान्ह्यासाठी इंजेक्शन टोचतात. कायद्यानं ते डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय चालत नाही, पण ते चालतं हेही सगळ्यांना ठाऊक आहे.

पहिल्या दोन-तीन धारा वहिनींनी चरवीत घेतल्या नाहीत. एका काळ्या प्लॅस्टिकच्या झाकणात घेतल्या आणि उजेडाला धरून पाहिल्या. गाठी, चोथा, पाणचटपणा, रक्ताचा तांबूसपणा काळ्यावर लगेच दिसतो. त्यांच्या सासूबाई पहिली धार जमिनीवर सोडायच्या. डॉक्टरांचं म्हणणं, सोडायची ती भांड्यात, जमिनीवर नको. आजारी सडातले जंतू जमिनीवर पडले की संध्याकाळी म्हैस त्याच जागी बसते.

मग हात. धार अंगठा दुमडून काढायची आपल्याकडे सवय. जोर येतो, वेळ वाचतो, आणि सडाला आतून इजा होते. पूर्ण मुठीनं काढावी. आणखी एक सवय बोटं दुधात बुडवून सड ओले करायची. तेच दूध, तेच बोट, पुन्हा चरवीत. वहिनींनी बोटं बुडवणं सोडलंय, अंगठा मात्र सुटत नाही.

"लहानपणापासनं असंच बसलंय हातात. मुठीनं काढायला गेलो की हाताला गोळा येतो, आणि ती म्हस पण वळून बगती, ही कोण आली म्हणून."

धार झाली. वहिनींनी सडांची टोकं आयोडीनच्या पाण्यात बुडवली आणि लगेच म्हशीपुढं खुराकाचं घमेलं सरकवलं. धार काढल्यावर अर्धा तास सडाचं तोंड उघडं असतं. म्हैस तेवढ्यात शेणात बसली तर जंतूंना दार मोकळं. खायला दिलं की ती उभी राहते. डॉक्टरांच्या सगळ्या सल्ल्यांत हा वहिनींना सगळ्यात जास्त पटला, कारण खुराक द्यायचाच होता, फक्त धारेआधीचा धारेनंतर केला. ज्या म्हशीला मागच्या महिन्यात कासदाह झाला होता, ती सगळ्यात शेवटी.

हे चालू असताना मी वहिनींच्या हाताकडे बघत होतो. बोटांच्या पेरांना भेगा, अंगठ्याच्या बाजूला घट्टा. स्वच्छतेच्या चर्चेत हात म्हणजे घाण पोचवणारी वस्तू, असाच विचार असतो. उलटंही होतं. २००९ साली कोल्हापूर-सोलापूर भागात म्हशींच्या देवीची साथ आली होती. म्हशींच्या कासेवर फोड, आणि धार काढणाऱ्यांच्या हातांवर, अंगात ताप. आजारी जनावराची वार उघड्या हातांनी ओढणारीही हीच माणसं, आणि ब्रुसेलोसिस तिथूनही येतो. डॉक्टर हातमोजे घालतात. वहिनींनी प्लॅस्टिकची पिशवी मनगटाला दोऱ्यानं बांधून काम भागवलंय.

"लग्नात जेवायला बसलो तरी हाताचा वास जात न्हाई," त्या म्हणाल्या. "लिंबू लावतो, तरी."

किटली घेऊन आण्णा संस्थेत निघाले. हेही नेहमीचंच: धार वहिनींची, किटली आण्णांची, पासबुकावर नाव आण्णांचं. संस्थेत सचिवाच्या हाताखाली मशीन आहे. थोडं दूध नळीनं ओढलं जातं, पडद्यावर फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घनघटक, दिसतात, पावती बाहेर पडते. पूर्वी गर्बर पद्धत होती: दहा मिलीलिटर गंधकाम्ल, पावणेअकरा मिली दूध, एक मिली अमाईल अल्कोहोल, आणि यंत्रात गरगर फिरवणं. त्या काळातल्या कुठल्याही सचिवाचा शर्ट ॲसिडच्या भोकांवरून ओळखू यायचा. आता शर्ट शाबूत आहेत. भाव मात्र तेव्हासारखाच ठरतो. म्हशीच्या दुधाला ६ फॅट आणि ९ एसएनएफ, गाईच्या दुधाला ३.५ आणि ८.५, ही मापं धरून दर जाहीर होतो आणि पुढे प्रत्येक पॉइंटला पैसे वाढतात, कापले जातात.

मी सचिवाला विचारलं, वहिनींनी पाच फडकी वापरली, पहिली धार टाकली, आयोडीन लावलं, हे या पावतीवर कुठं दिसतं?

"न्हाई दिसत."

"आणि शेजारच्यानं कास धुतलीच नाही, तर?"

"त्याला फॅट जास्त लागली तर त्याला जास्त पैसे."

मग त्यानं दोन्ही किटल्या एकाच कॅनमध्ये ओतल्या.

गोठ्यात तासभर जपलेलं दूध आणि न जपलेलं दूध इथं एक होतं. कासेतून दूध निघतं तेव्हा ते म्हशीच्या अंगाइतकं कोमट असतं, आणि कोमट दुधात जंतू अर्ध्या-अर्ध्या तासाला दुप्पट होतात. शीतकरण टाकीत चार अंशांवर गेलं की वाढ जवळजवळ थांबते, पण आधी झालेली वाढ मागे जात नाही. एकाच्या किटलीच्या झाकणाखालचा ओशट थर सगळ्या कॅनला पुरतो. पुढे दूध 'वासाचं' निघून परत आलं, तर तोटा सगळ्या गावाचा.

स्वच्छता मोजता येत नाही असं नाही. मिथिलिन ब्लूची चाचणी फार जुनी आहे. दुधात निळ्या रंगाचे थेंब टाकायचे आणि रंग किती वेळ टिकतो ते बघायचं. जंतू जितके जास्त तितका रंग लवकर उडतो. पाच तास टिकला तर उत्तम दूध, अर्ध्या तासात उडाला तर वाईट. महागडं यंत्र नको, गरम पाण्याचं भांडं आणि घड्याळ पुरे. पण पाच तास थांबायला कॅनला वेळ नसतो, टेम्पोला तर नाहीच. काही डेअऱ्या कमी जंतूंच्या दुधाला थोडा जास्त भाव देतात, मोठ्या गोठ्यांना ते जमतं. पाच म्हशींच्या वहिनींपर्यंत ते पोचत नाही.

माझ्या मते सगळी गोम इथं आहे. गंगावेशीत गिऱ्हाईक गवळ्याचा हात बघतो. चरवी मळकी असली तर पुढच्या कट्ट्यावर जातो. संस्थेत हात कुणी बघत नाही. यंत्र जे दाखवतं त्याचेच पैसे मिळतात. कट्ट्यावर डोळ्याला न दिसणारा जंतू निसटतो आणि संस्थेत डोळ्याला दिसणारी मेहनत. शेतकऱ्यांना स्वच्छतेचं महत्त्व कळत नाही म्हणून शिबिरं भरवणाऱ्यांनी आधी पावतीवर एक रकाना वाढवावा. मग बघावं, कळतं की नाही.

प्रतिजैविकांची गोष्ट मात्र पावतीशिवायही पकडली जाते, आणि ती पकडतं दही. आण्णांच्या भावजयीकडे एकदा तीन दिवस दही लागेना. विरजण बदललं, भांडं बदललं, शेजारणीची दृष्ट लागली असंही झालं. डॉक्टरांनी विचारलं, म्हशीला काय टोचलं होतं? कासदाहासाठी सडात पेनिसिलिनची नळी सोडली होती, आणि दूध घरासाठी वापरणं चालूच होतं. जे औषध कासेतले जंतू मारतं ते विरजणातलेही मारतं. औषध दिल्यावर किती दिवस दूध बाजूला काढायचं, हे नळीच्या खोक्यावर लिहिलेलं असतं. पण ते बारीक अक्षरात, आणि पाच म्हशींतल्या एका म्हशीचं चार दिवसांचं दूध गटारात ओतायचं म्हणजे दहा दिवसांच्या बिलातून केवढा तुकडा जातो हे ज्याचं त्याला ठाऊक. भावजयीनं संस्थेला दूध घातलं नाही, घरात ठेवलं, हे तिच्या प्रामाणिकपणाचंच लक्षण होतं. तोटा तिनं घरच्यांच्या ताटात वाढला, एवढंच.

खरवसावरून मात्र आमची भांडणं होतात. मास्तरांना पहिल्या दिवसाचा चीक हवा असतो, घट्ट, गूळ-वेलदोडा घालून वड्या पडतील असा. डॉक्टर म्हणतात तो रेडकाचा आहे. जन्मलेल्या रेडकाच्या अंगात रोगांशी लढायची ताकद नसते, ती चिकातून मिळते, आणि त्याचं आतडं ती ताकद पहिल्या दिवसाच्या काही तासांतच शोषू शकतं. दुसऱ्या दिवशी कितीही पाजा, उपयोग नाही. वहिनींचा तोडगा असा: पहिल्या धारेचा चीक रेडकाला पोटभर, दुसऱ्या वेळचा घराला, आणि मास्तरांना तिसऱ्या वेळचा. मास्तर तो पातळ आहे म्हणून कुरकुरत खातात.

दिवाळी आली की गावात दोन गोष्टींची चर्चा असते. वसुबारसेला गाय-वासराची पूजा होते, बायका त्या दिवशी गहू-मूग वर्ज्य करतात आणि दुधातुपाचं काही खात नाहीत. पाडव्याच्या सुमारास कोल्हापुरात म्हशींचा थाट असतो. शिंगं रंगवलेली, अंगावर नक्षी कातरलेली, गळ्यात घुंगरांचे पट्टे, आणि मालकाच्या मोटारसायकलमागं धावणाऱ्या म्हशी बघायला रस्त्याच्या दुतर्फा ही गर्दी. पण घरात खरी चर्चा असते ती दूध फरकाची. वर्षभर घातलेल्या दुधावर दिवाळीआधी संघाकडून फरकाची रक्कम जमा होते. गावातले कपडे, फराळाचं सामान, पोरांची फी, सोनाराची उधारी यातूनच निघते.

यंदा फरकाच्या पैशावरून आण्णांच्या घरात दोन मतं आहेत. आण्णांना आणखी एक म्हैस घ्यायचीय, थोडे पैसे घालून. वहिनींना गोठ्यात रबरी मॅट हव्यात. फरशीवर पाणी साचतं, म्हशी घसरतात, बसल्या की कास ओल्या शेणात जाते, आणि मागच्या वर्षी कासदाहानं एका म्हशीचा एक सड कायमचा गेला. डॉक्टर वहिनींच्या बाजूनं. सचिव कुणाच्याच बाजूनं नाही. त्याला संस्थेचं दूध वाढायला हवंय आणि ते कुणामुळं वाढेल हे त्याला सांगता येत नाही.

"सहावी म्हस आणली तर धार कोण काढणार?" वहिनींनी विचारलं.

"तूच की. तुला काय जड हाय व्हय?"

"मग मॅट आधी."

आण्णांनी मोबाइल काढून गडहिंग्लजकडच्या एका दुकानदाराला फोन लावला. किंमत विचारली, चार वेळा घासाघीस केली, वाहतूक कोण देणार यावर आवाज चढला. दुकानदारानं माप विचारलं. "सहा बाय चार," आण्णा ठामपणे म्हणाले.

"म्हस मोजलीया का कधी?" वहिनी म्हणाल्या, आणि टेप आणायला आत गेल्या.